पपांची झडप

पडदा खालून काळा होतो. लिओना राट्केने हे तीन हिवाळे नीट पाहिलं होतं. सोमवारी धुऊन टांगलेला पांढरा पडदा शनिवारपर्यंत वरून तसाच राही. तळाशी मात्र बोटभर रुंदीची करडी किनार उमटे, जणू कुणी बसल्याबसल्या पेन्सिल फिरवली आहे. जमिनीतल्या जाळीतून गरम हवा वर येई, तिच्याबरोबर तळघरातल्या कोळशाची भुकटी येई, आणि त्या हवेला वाटेत पहिली भेटे ती पडद्याची किनार. एवढंच. ही गोष्ट तिने एकदा जेवताना नवऱ्याला सांगितली. एर्विनने काटा खाली ठेवला आणि आपण भट्टी किती काळजीने पेटवतो हे तिला समजावून सांगितलं.

"तक्रार करत नाहीये मी," लिओना म्हणाली. "दिसलं ते सांगितलं."

एर्विन आगीच्या विमा कंपनीत होता. 'दिसलं ते सांगितलं' असं म्हणणारा माणूस शेवटी नुकसानभरपाईच मागतो, असा त्याचा वीस वर्षांचा अनुभव होता.

आणि खरं सांगायचं तर लिओनाला काहीतरी हवंच होतं. ते पडद्याबद्दल नव्हतं, इतकंच. महायुद्धाच्या काळात ती बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी आणि यीस्ट तपासायची. लढाई संपली, माणसं परत आली, आणि लिओनाचा पांढरा कोट डांबराच्या गोळ्यांसकट ट्रंकेत गेला. आता तिथून पुन्हा विचारणा झाली होती. एक जागा रिकामी होती आणि नवीन वर्षाच्या आत उत्तर हवं होतं. अडचण एकच होती, ती तळघरात बसली होती, आणि तिला दुपारी खायला लागे.

अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात ज्याच्या घरी कोळशाची भट्टी आहे त्याला हे सांगावं लागत नाही. भट्टीला सकाळी खायला लागतं, दुपारी लागतं, संध्याकाळी लागतं, आणि झोपताना राखेखाली निखारे झाकून तिला थोपटावं लागतं. तान्हं मूल निदान कधीतरी मोठं होतं. सकाळ-संध्याकाळ एर्विन बघे, दुपार लिओनाची. घरात तिसरं माणूस होतं ते लिओनाचे वडील, फर्डिनांड झास्ट्रो, ज्यांना सगळे पपा म्हणत. पण डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासून फावड्याला हात लावायची बंदी केली होती. पपा तेव्हापासून तळघरात खुर्ची टाकून बसत आणि इतरांच्या फावड्याकडे बघत. त्याने फावडं मारणाऱ्याचंच हृदय जास्त धडधडे.

तर नोकरीचा विषय निघाला की एर्विन म्हणे, "भट्टीचं एकदा होऊ दे, मग बघू." हे बोलायला त्याला काहीच धोका वाटत नव्हता. घरं तापवायला गॅस हवा असलेल्यांची रांग लांबलचक होती आणि कंपनी पाळीपाळीने जोडण्या देत होती. लिओनाने नोकरी करू नये असं एर्विनचं मुळीच म्हणणं नव्हतं. पण ऑफिसातल्या शुल्त्झची बायको कामावर जायला लागली तेव्हा शुल्त्झला लोकांनी काय काय विचारलं हे त्याने ऐकलं होतं. विचारणाऱ्यांत तो स्वतःही होता.

आणि ऑक्टोबरात राट्केंच्या घराची पाळी आली.

पाळी आली म्हणजे कंपनीची माणसं नळ तळघराच्या भिंतीपर्यंत आणून देणार. पुढे जुन्या भट्टीतली कोळशाची जाळी काढून तिथे गॅसचा बर्नर बसवायचा, आणि नाताळच्या आत शहराच्या तपासनिसाकडून तो पास करून घ्यायचा. नाही जमलं तर पाळी पुढच्याकडे जाणार. पुढचा नंबर शेजारच्या एल्मर प्रिबिलचा होता.

बर्नर आपण स्वतः बसवणार, असं एर्विनने जाहीर केलं. आगीची कारणं ज्याला तोंडपाठ आहेत त्याने भट्टीला घाबरायचं म्हणजे काय.

बातमी गल्लीत पोचली आणि सल्ले यायला लागले. समोरच्या मिसेस कुबियाक खसखस भरलेली गोड पावाची गुंडाळी घेऊन आल्या. गॅस आला की धुराड्याच्या विटांना घाम फुटतो, कुंडीतली झाडं माना टाकतात आणि पाव फुगत नाही, असं त्यांच्या सिसेरो गावातल्या मावसबहिणीने डोळ्यांनी पाहिलं होतं. लिओनाने घामाचं खरं असल्याचं मान्य केलं. गॅस जळला की पाणी तयार होतं, थंड धुराड्यात ते विटांवर जमतं, म्हणून आतून अस्तराची नळी सोडायची होतीच. पण पावाचा संबंध तिला लागेना. मिसेस कुबियाक तासभर बसल्या, गुंडाळीतली अर्धी त्यांनीच खाल्ली, आणि निघताना दारात खरं काय ते बोलल्या.

"तुमच्या राखेसारखी बारीक राख गल्लीत कुणाची नाही हो. बर्फ पडल्यावर माझ्या पायऱ्यांवर आता काय टाकू मी? साखर?"

प्रिबिलचा सल्ला वेगळा होता. तो रोज कुंपणापाशी येऊन सांगे की घाई अजिबात करू नका, राट्के, गॅस म्हणजे चेष्टा नाही, जानेवारीपर्यंत वेळ घ्या. काळजीपोटी त्याने आपल्या बायकोचा कॅनरी पक्षी पिंजऱ्यासकट आणून दिला. खाणीत असाच ठेवतात म्हणे, विषारी वायू सुटला की आधी पक्षी सांगतो.

"मरून सांगतो," लिओना म्हणाली. "म्हणजे एकदाच."

पक्षी तरीही तळघरात टांगला गेला, कारण नको म्हणणं बरं दिसलं नसतं. पपांना तो आवडला.

एर्विन कामाला लागला. भट्टीच्या पोटातून जाळी काढणं हे काम बर्नरबरोबर आलेल्या पुस्तिकेत एका ओळीत उरकलं होतं. एर्विनला त्याला दोन रविवार लागले, आणि दोन्ही रविवारी प्रार्थनेला जाताना त्याच्या कानांच्या पाळ्या काळ्या होत्या. मग त्याने बर्नर आत बसवला आणि भोवतालच्या सगळ्या फटी भट्टीच्या सिमेंटने इतक्या बेमालूम लिंपल्या की लिओनानेसुद्धा मान डोलावली. सिमेंट दगडासारखं सुकल्यावर त्याला मोठा पाना सापडेना. पपांनी खुर्चीतून उठून भट्टीवर टकटक केलं, कान लावला, आणि काही न बोलता एर्विनच्या हातात छिन्नी दिली. दुसऱ्यांदा लिंपण्याआधी लिओनाने सगळी हत्यारं जमिनीवर ओळीने मांडून घेतली. एर्विनला ते लागलं. आपल्याकडे शाळकरी पोरासारखं पाहिलं जातंय असं त्याला वाटलं. पण हातोडी ओळीत नव्हती, त्यामुळे तो गप्प बसला.

तपासनीस टॉफ्ट पहिल्यांदा आला तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला. उंच, कमी बोलणारा माणूस होता. धुराच्या नळीवर पत्र्याचा एक उघडा टोप बसवलेला असतो. जळलेला वायू तिथून नीट वर ओढला जातोय की घरात सांडतोय, हे त्या टोपाशी कळतं. टॉफ्टने बर्नर चालू केला आणि पेटती काडी टोपाच्या कडेशी धरली.

"ज्योत आत वाकली की मी जातो," तो म्हणाला. "बाहेर वाकली की तुमचा गॅस जातो."

ज्योत आत वाकली, मग बाहेर, मग मध्येच उभी राहून विचार करू लागली. टॉफ्ट वर स्वयंपाकघरात गेला. तिथे भिंतीवर पत्र्याची एक गोल रंगीत ताटली होती. तीवर निळं तळं, बर्फाचे डोंगर आणि एक गाय. एर्विन अकरा वर्षं त्या गायीकडे बघत कॉफी प्यायला होता. टॉफ्टने ताटली उचकटली. मागे थेट धुराड्यात उघडणारं भोक होतं. जुन्या चुलीची नळी तिथे बसत असे. खालून वर जाणारी ओढ इथेच मोडत होती. अशा ताटल्या बिनधोक नाहीत, असं एर्विन स्वतः लोकांना विम्याच्या पत्रातून कळवत असे. हे त्याला आठवलं. त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

टॉफ्टने दोन गोष्टी सांगितल्या. भोक विटांनी बुजवा, आणि धुराच्या नळीतली झडप काढून टाका. मग त्याने गॅस बंद करून तोटीला लाल चिठ्ठी बांधली.

भोक एका दिवसात बुजलं. झडप राहिली.

झडपेचं असं होतं. कोळशाच्या भट्टीत रात्री निखारे मंद ठेवायचे तर धुराच्या नळीतली लोखंडी चकती आडवी फिरवून धुराची वाट जवळजवळ बंद करतात. सकाळी ती उभी केली की ओढ पुन्हा सुरू. प्रत्येक घरात असते. पण ही झडप पपांनी ओतशाळेत असताना स्वतः साचा करून ओतलेली होती, आणि तिच्या दांड्याला ओकच्या पानाचा आकार दिला होता, शिरांसकट. स्वतःच्या लग्नाच्या वर्षी त्यांनी ती बसवली. फावडं गेलं, राखेची बादली गेली, तरी संध्याकाळी जेवण झालं की पपा खाली जात, झडप फिरवत आणि पाइप ओढत. आता गॅस येणार म्हटल्यावर ते आपण होऊन म्हणाले होते, "माझं काय काम उरलं खाली? पाइप ओढीन, पक्ष्याशी बोलेन." वर पाइप ओढायला लिओनाची मनाई होती.

"पपांना तू सांग," एर्विन म्हणाला.

"टॉफ्टने तुला सांगितलंय," लिओना म्हणाली.

एर्विनने सांगायचा निश्चय केला आणि पपांच्या खोलीत गेला. तासाभराने तो परत आला तेव्हा दोघांचे पत्त्यांचे तीन डाव झाले होते आणि पपा जिंकले होते. झडपेचं काय, असं लिओनाने विचारलं. तो म्हणाला, बघू. मग तळघरात जाऊन त्याने झडप उभी केली आणि दांड्याचं नट घट्ट आवळलं. काढायची काय गरज आहे? कायमची उघडी ठेवली की झालं.

टॉफ्ट दुसऱ्यांदा आला. ज्योत आत वाकली. त्याने झडपेच्या नटाकडे बराच वेळ पाहिलं आणि काढलेली बरी, एवढंच म्हणाला. आठवडाभर चालवून बघायला परवानगी दिली. पुढच्या शनिवारी येऊन तो शेवटचा निकाल देणार होता.

पहिली संध्याकाळ सुंदर गेली. सगळं घर एकसारखं गरम होतं, कुणाच्याही नखांत काळं नव्हतं, आणि एर्विन कोचावर अशा थाटात बसला होता की गॅसचा शोध जणू त्यानेच लावला आहे. प्रिबिल कुंपणापाशी येऊन पक्ष्याची चौकशी करून गेला. पक्षी ठणठणीत आहे हे ऐकून त्याचा चेहरा जरा उतरला.

सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर आतून पाण्याचे थेंब होते. लिओनाने पाहिलं. दुपारपर्यंत ते सुकले. दुसऱ्या सकाळी पुन्हा थेंब, आणि या वेळी भट्टीतली कायम जळती छोटी ज्योतही विझलेली. ती विझली की गॅस आपोआप बंद होतो, त्यामुळे घर गार पडलं होतं एवढंच. एर्विन खाली गेला, वर आला, आणि म्हणाला की थेंब बटाटे उकडल्यामुळे आहेत.

"काल बटाटे नव्हते. मासे होते," लिओना म्हणाली. त्या रात्रीपासून ती झोपताना प्रत्येक खिडकी दोन बोटं उघडी ठेवू लागली. पपांनी विचारलं, गॅस घेतला तो बाहेरची हवा तापवायला का?

एर्विनने एक गोष्ट लिओनाला सांगितली नव्हती. दोन्ही सकाळी त्याला झडप आडवी सापडली होती. तिसऱ्या सकाळीही सापडली, तेव्हा मात्र त्याला बोलावं लागलं. पण नुसतं सांगण्यापेक्षा त्याने कारणासकट सांगितलं. कोपऱ्यावरून ट्रामगाडी वळते. वळताना जमीन थरथरते. ती थरथर पायातून भट्टीत, भट्टीतून नळीत आणि नळीतून नटात जाते. नट सैल होतं आणि झडप आपल्या वजनाने पडते. त्याने हे कागदावर काढून दाखवलं. बाणही काढले. पपांना ते चित्र फार पटलं. ट्रामवाल्यांचा त्यांना जुना राग होता.

लिओनाने चित्र नीट पाहिलं. "दिवसा पण ट्राम जाते," ती म्हणाली. "दिवसा का पडत नाही?"

रात्री गाडी रिकामी असते, रिकामी गाडी जास्त उडते, असं एर्विन म्हणाला. मग त्याने झडपेच्या दांड्याला तार बांधली. तारेला चार वेढे दिले, पिळा घातला, आणि दुसरं टोक छताच्या तुळईला पक्कं केलं. कुठल्याही ट्रामच्या बापाला ती हलवता आली नसती.

सकाळी दोघं मिळून खाली गेले. झडप आडवी होती. तार गुंडाळून, व्यवस्थित वेटोळं करून, भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली होती.

एर्विनने तारेला बोट लावून पाहिलं.

"ट्रामगाडी कितीही उडाली," लिओना म्हणाली, "तरी तार गुंडाळून ठेवत नाही."

तिने झडप उभी केली आणि वाकून गॅसची तोटी बंद केली. वर पपा दाढी करताना गुणगुणत होते.

पुढचे दोन दिवस घर गार होतं. सगळे स्वयंपाकघरातल्या विजेच्या चुलीभोवती कोट घालून बसत. पपांना सांगायचं कुणी, यावर दोघांचं दबक्या आवाजात भांडण चाले, आणि पपा आत आले की दोघंही पावाबद्दल बोलू लागत. मिसेस कुबियाकनी रस्सा पाठवला. प्रिबिलने फोन करून विचारलं की शनिवारी टॉफ्ट किती वाजता येणार आहे, उगीच आपलं. एर्विनला त्या गारठ्यात एक गोष्ट कळत होती आणि ती त्याला आवडत नव्हती. दोन वेळा तो 'बघू' म्हणाला होता. एकदा पपांच्या झडपेबद्दल, एकदा लिओनाच्या नोकरीबद्दल. दोन्ही वेळा बघायचं असं काहीच नव्हतं. नुसतं बोलायचं होतं.

शनिवारी टॉफ्ट आला. गॅस बंद दिसल्यावर त्याने कारण विचारलं. लिओना एर्विनकडे बघू लागली. एर्विन पक्ष्याकडे.

"झडप पडते रात्री," पपांनीच खुर्चीतून सांगितलं. "ट्राममुळे. चित्र आहे त्याचं."

टॉफ्टने झडपेकडे पाहिलं, मग खिळ्यावरच्या तारेकडे, मग पपांच्या खुर्चीकडे. खुर्ची झडपेच्या बरोबर खाली होती.

"पपा," एर्विन म्हणाला. घसा खाकरून त्याने पुन्हा सुरुवात केली. "पपा, ट्राम नाही ती. तुम्ही फिरवता."

"मी? मी हातसुद्धा लावत नाही तिला. गॅस आल्यापासून नाही."

"संध्याकाळी तुम्ही खाली येऊन काय करता, ते जरा करून दाखवाल?" टॉफ्टने विचारलं.

पपांना हा पोरखेळ वाटला, पण पाहुण्याचा मान म्हणून ते उठले. पायऱ्यांपर्यंत गेले आणि परत आले. पक्ष्याला दोन शब्द बोलले. खिशातून पाइप काढला, तंबाखू भरला, अंगठ्याने दाबला, काडी ओढली. एक झुरका घेऊन समाधानाने डोळे मिटले, आणि त्यांचा डावा हात, कुणी सांगितल्याशिवाय, वर गेला. बोटांनी नट सैल केलं. ओकचं पान आडवं झालं. नटही परत आवळलं गेलं.

 पपांनी डोळे उघडले. हात अजून वरच होता. ते त्या हाताकडे दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखे बघत राहिले.

"तारही मीच काढली होय?"

"गुंडाळून ठेवलीत," लिओना म्हणाली. "दुसऱ्या कुणी ठेवली नसती."

पपा हळूच हसले, पण पाइप त्यांनी विझवला. रात्री वर सगळे झोपलेले असताना काय होऊ शकलं असतं, हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. "छिन्नी दे," ते एर्विनला म्हणाले.

एर्विनने आपण करतो म्हटलं. पपांनी मान हलवली. "फावड्याची बंदी आहे मला. छिन्नीचं डॉक्टर काही बोलले नाहीत." त्यांनी नळीचा जोड उकलला, दांडा ओढून काढला आणि चकती बाहेर घेतली. इतक्या वर्षांची काजळी त्यांनी बाहीने पुसली. मग ती दांड्यासकट लिओनाच्या हातात दिली. "कॉफीच्या किटलीखाली ठेव. टेबल तरी जळायचं नाही."

दांड्याचं भोक पत्र्याने बंद झालं. टॉफ्टने गॅस सोडला, ज्योत लावली, बर्नर धडाडून पेटला. सगळे थोडा वेळ थांबले. मग काडी टोपाशी धरली, आणि ज्योत आत वाकली, इतक्या निःशंकपणे की कॅनरीसुद्धा गायला लागला. टॉफ्टने लाल चिठ्ठी सोडून खिशात घातली आणि हिरवी बांधली.

"पहिला महिनाभर दुपारी कुणीतरी भट्टीच्या दारातल्या या भोकातून ज्योत बघा," तो टोपी घालत म्हणाला. "निळी असली की ठीक. पिवळी दिसली तर बंद करा आणि मला बोलवा. मिसेस राट्के दिवसभर घरी असतातच ना?"

एर्विनच्या जिभेवर 'बघू' हा शब्द तयार होता. इतके दिवस तो तिथेच राहायला होता. तो उच्चारण्यासाठी त्याने तोंड उघडलं, आणि त्याचं लक्ष टॉफ्टच्या खांद्यावरून मागे गेलं.

भट्टीच्या पलीकडे कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्यावर लिओनाचा प्रयोगशाळेतला कोट टांगलेला होता. ट्रंकेतून तो कधी निघाला, कधी धुतला गेला, हे एर्विनला कुणी सांगितलं नव्हतं. सोमवारच्या कपड्यांबरोबर तो धुतला गेला असणार आणि आज शनिवार होता. त्याची नजर नकळत कोटाच्या तळाकडे गेली. किनार पांढरी होती.

 लिओना हातातल्या झडपेच्या दांड्यावरच्या पानाच्या शिरा अंगठ्याने पुसत होती.

"दुपारी पपा बघतील," एर्विन म्हणाला. "लिओना घरी नसते. सोमवारपासून ती कामावर जाते."